विश्लेषण : ट्रकच्या केबिनमध्ये एसी आला, टेम्पोतल्या डिलिव्हरी चालकाचे काय?

घरपोच येणारे पार्सल शेवटचे काही किलोमीटर बहुधा छोट्या टेम्पोतून येते. मे महिन्यात या टेम्पोचा बंद पत्र्याचा हौदा बाहेरच्या हवेपेक्षा बराच अधिक तापतो आणि चालकाला दिवसभरात अनेकदा त्यात शिरावे लागते. मोठ्या ट्रकसाठी वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, पण हा चालक त्या नियमात बसत नाही. त्याला नेमका धोका कशाचा आहे आणि तो कमी कसा करता येईल?

एसी केबिनचा नियम काय सांगतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये याबाबत अधिसूचना काढली. तिच्यानुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ‘एन-२’ आणि ‘एन-३’ गटातील मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बंधनकारक आहे. एन-२ म्हणजे मालासह एकूण वजन साडेतीन टनांहून अधिक आणि १२ टनांपर्यंत असलेली वाहने. एन-३ म्हणजे १२ टनांवरची. आपले ट्रकचालक ४३ ते ४७ अंश तापमानात गाडी चालवतात, याकडे लक्ष वेधत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये या नियमाचा आग्रह धरला होता. नियम लागू झाल्यानंतरचा पहिला उन्हाळा २०२६ चा.

मात्र नियमाला दोन मर्यादा आहेत. तो नव्याने तयार होणाऱ्या वाहनांसाठी आहे, आज रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या ट्रकसाठी नाही. दुसरे म्हणजे तो केबिनपुरता आहे. मागच्या हौद्यात काम करणाऱ्या माणसाचा त्यात विचार नाही.

छोटा टेम्पो नियमाबाहेर का राहिला?

साडेतीन टनांपर्यंतची मालवाहू वाहने ‘एन-१’ गटात मोडतात. ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखला जाणारा टाटा एस, त्याच्या बरोबरीचे इतर टेम्पो आणि बहुतेक पिकअप याच गटातले. त्यांच्यासाठी एसी सक्तीचा नाही. शहरातली घरपोच सेवा, किराणा दुकानांचा माल, गॅस सिलिंडर, पाण्याचे जार, फर्निचर ही सगळी वाहतूक मुख्यतः याच वाहनांतून होते.

यातील अनेक वाहनांमध्ये इंजिन आसनाखालीच असते. त्यामुळे वरून ऊन, खालून इंजिनची धग आणि मागे तापलेला पत्रा, असा तिहेरी मारा चालकावर होतो. लांब पल्ल्याचा ट्रकचालक बराच वेळ सलग गाडी चालवतो. डिलिव्हरी चालकाचा दिवस तुकड्यांत जातो. गाडी थांबवायची, उतरायचे, मागचे दार उघडायचे, हौद्यात चढून पार्सल शोधायचे, जिना चढायचा, परत यायचे. केबिनमध्ये एसी असला तरी या कामात त्याला त्याचा फायदा थोडाच वेळ मिळेल.

साधा हिशेब करून पाहू. दिवसाला ६० थांबे आणि प्रत्येक थांब्यावर हौद्यात दोन मिनिटे धरली, तर दिवसभरात १२० मिनिटे होतात. म्हणजे हा माणूस दोन तास बंद पत्र्याच्या पेटीत ओझी हलवत असतो.

हौदा एवढा तापतो कसा?

उन्हाळ्यात भर दुपारी निरभ्र आकाशाखाली एका चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,००० वॉट इतकी सौरऊर्जा पडू शकते. छोट्या टेम्पोच्या टपाचे क्षेत्रफळ तीन चौरस मीटर धरले, तर ती ऊर्जा पाणी तापवण्याच्या दीड हजार वॉटच्या दोन रॉडइतकी भरते. टप पांढरा आणि स्वच्छ असेल तर त्यातली बरीच ऊर्जा परावर्तित होते. गडद किंवा गंजलेला असेल तर बरीचशी शोषली जाते. पातळ पत्रा तापून आतल्या बाजूला उष्णता फेकू लागतो आणि आतली हवा कोंडलेली असल्याने ती उष्णता बाहेर पडत नाही.

उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारींवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तासाभरात मोटारीतील तापमान सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढले आणि त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा किंचित उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. मोटारीला काचा असतात, हौद्याला नसतात. त्यामुळे हाच आकडा हौद्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण कोंडलेली जागा उन्हात किती झटपट तापते आणि दाराला नुसती फट ठेवून का भागत नाही, हे त्यातून कळते.

हवामान खात्याचा आकडा अपुरा का पडतो?

‘आज नागपूर ४४ अंश’ ही नोंद सावलीत, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या पेटीतल्या तापमापकाची असते. देशभरातील तापमानाची तुलना करण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण डांबरी रस्त्यावर उन्हात उभ्या टेम्पोत काम करणाऱ्याच्या अंगाला जाणवणारी उष्णता त्यातून कळत नाही.

भारतीय हवामान विभाग मैदानी भागात तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक असेल तर उष्णतेची लाट मानतो. तापमान ४५ अंशांवर गेले तर सरासरीशी तुलना न करताही लाट मानली जाते. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंशांची आहे. विदर्भात नवतपा सुरू झाला की सगळेच सावध होतात. मात्र ‘लाट नाही’ म्हणजे हौद्यात धोका नाही, असे नव्हे.

मुंबई, ठाणे, रायगडात तर दमटपणा हा वेगळा शत्रू आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील पारा चाळिशीच्या आतच होता. चंद्रपूर-अकोल्याच्या आकड्यांच्या सवयीने कोकणातले ३७-३८ अंश सौम्य वाटतात, ते त्यामुळेच फसवे आहेत.

शरीरात नेमके काय घडते?

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॉट उष्णता तयार होत असते. ओझी उचलताना, जिने चढताना ती तिप्पट-चौपट होते. ही उष्णता बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण थंडावा घाम येण्याने मिळत नाही, घाम वाळण्याने मिळतो. कोंदट हौद्यात किंवा दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. शरीरातले पाणी आणि क्षार जातात, थंडावा मात्र मिळत नाही.

त्यातच त्वचेकडे अधिक रक्त पाठवण्यासाठी हृदयाची धावपळ वाढते. आधी पायात गोळे येतात, डोके दुखते, मळमळते, गरगरते. ही उष्णतेने आलेल्या थकव्याची अवस्था. इथे काम थांबवले, सावली आणि पाणी मिळाले तर माणूस बहुधा सावरतो. न थांबल्यास शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन मेंदूचे काम बिघडू लागते. तो उष्माघात. त्यात प्राणही जाऊ शकतो. चालकाच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. गरगरणारा माणूस वाहन चालवत असेल, तर त्याच्याबरोबर रस्त्यावरच्या इतरांचाही जीव टांगणीला लागतो.

सर्वाधिक धोका कुणाला?

अनेकांना वाटेल, वयस्कर चालकाला. वय, रक्तदाब, मधुमेह यांमुळे धोका वाढतोच. पण अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने, म्हणजे ‘ओशा’ने दिलेली माहिती डोळे उघडणारी आहे. कामाच्या ठिकाणी उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी आणि ७० टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात होतात.

कारण साधे आहे. उन्हात काम करण्याची सवय शरीराला लागायला एक-दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते आणि हृदयावरचा ताण उतरतो. म्हणूनच नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या २० टक्केच काम द्यावे आणि रोज २० टक्क्यांनी वाढवत न्यावे, असे तेथील तज्ज्ञ सुचवतात. आपल्याकडे सणासुदीच्या किंवा ‘सेल’च्या तोंडावर बदली चालक आणि हेल्पर घेतले जातात आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती पूर्ण गाडी दिली जाते. गावाकडून सुट्टी संपवून परतलेल्या किंवा आजारपणातून उठलेल्या जुन्या चालकालाही हाच नियम थोड्याफार फरकाने लागू होतो.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेत ‘यूपीएस’ या पार्सल कंपनीच्या तपकिरी गाड्यांना वर्षानुवर्षे एसी नव्हता. चालक सारखे चढतात-उतरतात, दारे उघडझाप होतात, त्यामुळे एसीचा उपयोग नाही, असे कंपनीचे म्हणणे असे. २०२२ च्या उन्हाळ्यात चालकांनी हौद्यातील तापमापकांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकायला सुरुवात केली. काहींमध्ये पारा ४९ अंश सेल्सिअसच्या वर होता. पुढच्या वर्षी ‘टीमस्टर्स’ या कामगार संघटनेने वेतनकराराच्या वाटाघाटीत उष्णतेचा मुद्दा पुढे रेटला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पाच वर्षांच्या कराराने सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांना संरक्षण मिळाले. १ जानेवारी २०२४ नंतर घेतल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये एसी, जुन्या गाड्यांमध्ये पंखे, उष्णता रोखणारी आवरणे आणि हौद्यात बाहेरची हवा खेचणारी झडप, असे त्यात ठरले. तिथेही जुन्या गाड्या एका रात्रीत बदलल्या नाहीत. पण उष्णता हौद्यात असते, हे करारातच मान्य झाले.

‘ओशा’ने ऑगस्ट २०२४ मध्ये नियमाचा मसुदा प्रसिद्ध केला. उष्णता व दमटपणा मिळून जाणवणारे तापमान सुमारे ३२ अंशांवर गेले, तर दर दोन तासांनी १५ मिनिटांची पगारी विश्रांती द्यावी, असे त्यात सुचवले आहे. जपानने १ जून २०२५ पासून ठरावीक उष्णतेत काम करून घेणाऱ्या मालकांवर उष्माघात रोखण्याची व्यवस्था ठेवण्याची सक्ती केली असून ती न पाळल्यास शिक्षेची तरतूद आहे. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरच्या कामाला बंदी असते.

आणि भारतात?

दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा अहमदाबादने २०१३ मध्ये तयार केला. मे २०१० मधील लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले होते. त्यानंतर अनेक शहरांनी आणि राज्यांनी असे आराखडे केले. केरळमध्ये कामगार विभाग उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हातल्या कामावर निर्बंध घालतो. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये डिलिव्हरी कामगारांसाठी वातानुकूलित विश्रांतीगृहे सुरू केली.

कारखान्यातील कामाच्या खोलीत हवा खेळती आणि तापमान सुसह्य ठेवणे ही मालकाची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच, कलम १३ मध्ये ठरवली होती. टेम्पोचा हौदा मात्र ‘कामाची खोली’ धरला गेला नाही. वाहतूक कामगारांच्या कायद्यात कामाचे तास आणि मधली सुट्टी आली, पण वाहनातल्या तापमानाचा आकडा आला नाही. विरोधाभास असा, की लशीची पेटी २ ते ८ अंशांत आहे की नाही, याची काटेकोर नोंद ठेवली जाते. आइस्क्रीमच्या गाडीत तापमापक असतो. तो माल उतरवणाऱ्या माणसाच्या भोवतीचे तापमान कुणीच टिपत नाही.

मालकांना आणि कंपन्यांना काय करता येईल?

सर्वात परिणामकारक उपाय वेळापत्रकात आहे. जड माल आणि जास्त मजल्यांच्या फेऱ्या सकाळी ११ च्या आत किंवा सायंकाळी ५ नंतर ठेवता येतात. दुपारी १२ ते ३ दरम्यान शक्यतो बाहेर पडू नये, असे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण सांगते. पण नगावर पैसे मिळणाऱ्या चालकाला हा सल्ला न परवडणारा आहे. तो थांबला की त्याची कमाई थांबते. त्यामुळे लाटेच्या दिवसांत पार्सलांचे लक्ष्य कमी करणे आणि विश्रांतीचा वेळ कमाईतून न कापणे, हे कंपनीनेच ठरवावे लागेल.

दुसरा उपाय गोदामातला. पार्सले वाटपाच्या क्रमाने लावून दिली आणि आधी द्यायची दाराजवळ ठेवली, तर चालकाला हौद्यात आत शिरावेच लागत नाही. दोन मिनिटांची अर्धी मिनिटे झाली, तर वरच्या हिशेबातले दोन तास अर्ध्या तासावर येतात. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

तिसरा उपाय गाडीचा. टपाला पांढरा उष्णतारोधक रंग, आतून थर्माकोल किंवा फोमचा थर, टपावर फिरती झडप, हौद्यात एक साधा तापमापक. हा खर्च नव्या एसीच्या तुलनेत किरकोळ आहे. चौथा, माणसाची चौकशी. चालक एकटा असतो. त्याला गरगरले तर शेजारी कुणी नसते. दुपारी दोन-तीनदा फोन करून ‘आता कुठे आहात, पुढचा पत्ता कोणता?’ एवढे विचारले तरी पुरे. उत्तर असंबद्ध आले किंवा फोन उचललाच नाही, तर लगेच माणूस पाठवावा.

चालकांनी आणि हेल्परनी काय करावे?

तहान लागण्याची वाट पाहू नका. दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटरपेक्षा थोडे कमी पाणी प्या. एकदम दोन लिटर पिऊन भरपाई होत नाही, आणि तासाला दीड लिटरहून अधिक पिणेही घातक ठरू शकते. स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून अनेक जण पाणी टाळतात; त्यापेक्षा वाटेवरचे पेट्रोल पंप आधीच हेरून ठेवा. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

घाम खूप जात असेल तर ताक, मीठ घातलेले लिंबू सरबत, पन्हे किंवा ओआरएस घ्या. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. घरी करायचे असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे. रक्तदाबाच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या उष्णतेचा त्रास वाढवतात. पण आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका.

थांबताना गाडी सावलीत लावा, शक्यतो दार सावलीकडे येईल अशी. हौद्यात शिरण्याआधी दोन्ही दारे पूर्ण उघडून हवा जाऊ द्या. मान आणि डोक्यावर ओला पंचा ठेवा. हवा ४० अंशांवर गेली की कोरड्या अंगावर नुसता पंखा गरम वाराच मारतो. अंग किंवा कपडा ओला असेल तरच तो थंडावा देतो. खिशात कांदा ठेवण्याची पद्धत जुनी आहे. जेवणात कांदा जरूर खा, पण खिशातल्या कांद्याने शरीराचे तापमान उतरत नाही.

उष्माघाताची शंका आली तर?

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, बेशुद्ध पडला किंवा झटके आले, तर उष्माघात समजून चाला. ‘अंगाला घाम आहे म्हणजे उष्माघात नाही’ हा समज चुकीचा आहे. श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते.

१०८ वर फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा किंवा काढा, मिळेल ते पाणी सर्वांगावर ओता आणि पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर तो कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. जवळच्या रसवंतीत किंवा किराणा दुकानात तो बहुधा मिळतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. पहिल्या काही मिनिटांत अंग थंड करण्याने जीव वाचण्याची शक्यता वाढते, म्हणून आधी थंड करा, मग हलवा.

ग्राहकांचाही यात वाटा आहे. दुपारी एक वाजता आलेल्या चालकाला पाण्याचा पेला द्या, लिफ्ट वापरू द्या. फारशी घाई नसलेल्या वस्तूसाठी सकाळची किंवा संध्याकाळची वेळ निवडा. अनेक अॅपवर हा पर्याय असतो. ‘एन-१’ वाहनांसाठी नियम कधी होईल, हे सरकार ठरवेल. पण दुपारच्या तीन तासांत किती टेम्पो उन्हात उभे राहतील, हे काही अंशी ग्राहकाने निवडलेल्या वेळेवरही ठरते.